चांदणीचं दावं

त्रिंबक कोळेकरचा कळप दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी निघणार होता. एकशे ऐंशी मेंढरं, दोन कुत्री, नवरा-बायको आणि त्यांचा संसार. तळ चौक्याजवळच्या एका मका काढलेल्या शेतात होता. तिथून फुलंब्री, सिल्लोड, अजिंठ्याचा घाट, फर्दापूर आणि पुढे जिल्ह्याची हद्द ओलांडून खानदेश. तिकडच्या पाच शेतकऱ्यांनी लेंडीखतासाठी रात्री मेंढरं बसवायला शेतं सांगून ठेवली होती. कोणत्या रात्री कोणाच्या शेतात बसायचं, हे उन्हाळ्यातच ठरलेलं. उशीर झाला की ते शेत दुसऱ्या कळपाला जातं आणि पुढच्या वर्षी कुणी बोलावत नाही.

अडचण घोड्याची होती. त्यांचं जुनं तट्टू गणपतीच्या दिवसांत पोट फुगून मेलं. पालं, भांडी, धान्य आणि वाटेत जन्मलेली कोकरं वाहून न्यायला घोडं लागतंच. आणि नुसतं घोडं असून भागत नव्हतं, कागद असलेलं घोडं लागत होतं. मागच्या साली त्रिंबकच्या पुतण्याचं, सुदर्शनचं तट्टू फर्दापूरच्या पुढच्या नाक्यावर अडवलं होतं. मालकीचा पुरावा नाही म्हणून ते नऊ दिवस ठेवून घेतलं. सुदर्शन, त्याची बायको आणि मेंढरं नऊ दिवस रस्त्याच्या कडेला राहिली. चार कोकरं दगावली.

मंगळवारी त्रिंबक शहरात शहागंजला गेला. एका लोकरीच्या व्यापाऱ्याने सांगितलं होतं की बाजाराच्या मागच्या बाजूला एक पांढरी घोडी विकायची आहे. लग्नाच्या वरातीची घोडी. पत्र्याच्या शेडमध्ये ती एकटीच बांधलेली होती. विकणारा तिशीतला, इंद्रजीत दाभाडे, स्वच्छ शर्टातला. गारखेड्यात राहतो आणि मोबाइल दुरुस्त करतो, असं त्याने सांगितलं. घोडीचा धंदा वडिलांचा होता. ते दोन वर्षांपूर्वी वारले.

त्रिंबकने घोडीचे दात पाहिले. आठ-नऊ वर्षांची असावी. खूर उचलून पाहिले, पोटाखालून हात फिरवला, कपाळावरचे आणि मानेवरचे केसांचे भोवरे पाहिले. खोडीचा एकही भोवरा नव्हता. शेडला लागून एक मोटरसायकल दोनदा फटफटली, घोडीचा कानही हलला नाही. रोज मेंढरांत, कुत्र्यांत आणि ट्रकच्या वाहतुकीत चालणाऱ्या माणसाला याहून चांगलं जनावर मिळणार नव्हतं.

मग त्याने खांद्यावरचं उपरणं सोडलं, हातावर पसरलं आणि हात पुढे केला. जनावराचा भाव असा उपरण्याखाली बोटं धरून ठरतो. आजूबाजूच्यांना कळत नाही आणि कुणाचा मान जात नाही. इंद्रजीतने त्या हाताकडे पाहिलं, खिशातून मोबाइल काढला, त्यावर आकडा लिहिला आणि तो त्रिंबकसमोर धरला. त्रिंबकला हसू आलं. शहरातलं पोरगं, असं मनाशी म्हणून त्याने उपरणं परत खांद्यावर टाकलं.

कागदाचं त्याने विचारलं. इंद्रजीत म्हणाला की जनावरांच्या दवाखान्याचा दाखला होता, वडिलांच्या वेळचा, पण घरात सापडत नाही. ओळखीचा वकील आहे, शंभराच्या बाँडवर विक्री लिहून देतो. सोमवारला सहा दिवस उरले होते. त्रिंबकने विसार दिला आणि गुरुवारी घोडी न्यायला येतो म्हणाला.

तळावर आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. आक्काबाई चुलीवर भाकरी टाकत होती. दात, खूर, भोवरे, मोटरसायकल, सगळं तिने ऐकून घेतलं. कागदाशी आल्यावर तिने एवढंच म्हटलं, "सुदर्शनला बी बाँडच दिला व्हता."

त्रिंबकने ताट पुढे ओढलं. जेवला आणि मेंढरांकडे गेला.

गुरुवारी सकाळी दोघंही शहागंजला आली. मेंढरांवर लक्ष ठेवायला सुदर्शनला बसवलं होतं. आक्काबाईच्या पिशवीत नारळ, हळदकुंकू आणि नवं दावं होतं, तागाचं, आदल्याच दिवशी फुलंब्रीच्या बाजारात घेतलेलं. जनावर घ्यायला जाणाऱ्याने आपलं दावं न्यायचं असतं. विकणारा जुनं दावं काढून स्वतःकडे ठेवतो. दावं दिलं तर गोठ्यातली बरकत त्याच्याबरोबर जाते, असं त्यांच्याकडे मानतात. मेलेल्या जनावराचंही दावं कुणी टाकून देत नाही.

इंद्रजीतने बाँड तयार ठेवला होता. टाइप केलेला, खाली तिकीट, दोन साक्षीदारांच्या सह्या. आक्काबाईने घोडीला हळदकुंकू लावलं, कपाळावरून हात फिरवला आणि नाव विचारलं. चांदणी, तो म्हणाला. मग त्याने खुंटीवरून दावं सोडलं आणि घोडीसकट दाव्याचं टोक तिच्या हातात दिलं.

आक्काबाई ते टोक धरून उभी राहिली. तिने पिशवीतलं नवं दावं बाहेर काढलं नाही.

"ह्ये दावं तुमचं न्हवं का?" तिने विचारलं.

इंद्रजीत म्हणाला, असू द्या, मावशी, घोडीबरोबर फुकट. त्रिंबकने मध्ये पडून त्याला रीत सांगितली. इंद्रजीतने ऐकून घेतलं आणि जरा ताठ होऊन म्हणाला, "आम्ही बौद्ध आहोत, काका. आमच्यात असलं काही मानत नाहीत."

हे उत्तर बरोबर होतं आणि त्रिंबकला पटलंही. तो बाँडची घडी खिशात घालायला लागला. आक्काबाईने मात्र दावं दोन्ही हातांत घेऊन वीतवीत तपासायला सुरुवात केली. ते बाजारातलं नव्हतं. जुन्या सुती लुगड्यांचे काठ फाडून, तीन पदरी, घट्ट वळलेलं. एक पदर हिरवा, एक जांभळा, एक निळा. मोरखीपाशी, जिथे दावं घोडीच्या गालाला घासतं, तिथे वरून मऊ फडकं शिवलेलं. टाके बारीक होते.

"नका मानू," ती म्हणाली. "पण ह्ये बाईच्या हातचं हाय. कुणी वळलं?"

"आईने."

"आईला ठावं हाय का, घोडी इकली म्हून?"

इंद्रजीतने मोबाइलकडे पाहिलं. तो वाजला नव्हता. मग त्याने हळूहळू सांगितलं. आई, मनकर्णाबाई, वडिलांच्या मागे दोन वर्षं रोज सकाळी गारखेड्यातून रिक्षाने इथे येत होती. झाडलोट, चारा, खरारा. सुपाऱ्या कमी झाल्या होत्या. नवरदेव आता उघड्या गाडीत बसतात, नाहीतर ड्रोन बघत चालतात. तरी ती यायची. महिन्यापूर्वी याच शेडच्या पायरीवरून घसरली आणि घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं की ती पुन्हा येणार, हे नक्की होतं. म्हणून त्याने प्लास्टर असेपर्यंत घोडी विकायची ठरवली. घोडी पडेगावला मित्राच्या मळ्यात चरायला ठेवली आहे, असं आईला सांगितलं होतं.

"चोरी नाही केली, मावशी," तो म्हणाला. "वडील गेले, मग माझीच ना ती?"

त्रिंबकला पोराची कीव आली, पण त्याहून सोमवारची काळजी जास्त होती. तो बायकोला बाजूला घेऊन म्हणाला की घरचा मामला आहे, आपण का पडायचं? पोराने लिहून दिलंय, साक्षीदार आहेत. आता घोडी सोडली तर सोमवारपर्यंत दुसरी कुठून आणायची?

आक्काबाई म्हणाली, "आवं, नाक्यावर मला इचारत्यात. घोडं घिऊन म्होरं मी असते, तुमी न्हाय."

हे खरं होतं. वाटचालीत बाया घोडी घेऊन पुढे जातात, पुढच्या तळावर पालं ठोकतात, चूल मांडतात. पुरुष मेंढरांमागून संध्याकाळी पोचतात. सुदर्शनचं तट्टू अडवलं तेव्हाही त्याची बायको तासभर एकटीच शिपायापुढे उभी होती. त्रिंबकने खिशातली बाँडची घडी चाचपली आणि गारखेड्याला चला म्हणाला.

इंद्रजीत आधी तयार नव्हता. आईला धक्का बसेल, म्हणाला. मग आक्काबाईनेच घोडी चालवायला सुरुवात केली तेव्हा तो मोटरसायकल शेडमध्येच ठेवून मागोमाग आला.

शहागंजहून गारखेड्याला पायी तासभर लागावा. त्यांना दोन तास लागले. चांदणी रहदारीला बुजली नाही, हॉर्नला बुजली नाही, पण वाटेत प्रत्येक मंगल कार्यालयाच्या फाटकापाशी आपोआप थांबली. मान उंच करून, पुढचा एक पाय उचलून, कुणीतरी उतरायची वाट पाहत उभी राही. लग्नसराई अजून सुरू व्हायची होती, फाटकं बंद होती. क्रांती चौकाच्या अलीकडे ती पंधरा मिनिटं उभी राहिली आणि मागे रिक्षांची रांग लागली. त्रिंबकने ओढलं, इंद्रजीतने मागून ढकललं. एक रिक्षावाला डोकं बाहेर काढून म्हणाला, "चाचा, दूल्हे को तो लाओ पहले."

वडील तिला कसं हलवायचे, असं आक्काबाईने विचारलं. इंद्रजीतला माहीत नव्हतं. तो वरातीत कधी गेलाच नव्हता.

दाभाडे यांचं घर तळमजल्यावर होतं. दोन खोल्या, पुढे फरशीचा लहान ओटा. मनकर्णाबाई ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मेथी निवडत होत्या. प्लास्टरचा पाय स्टुलावर. कोपऱ्यावर टापा वाजल्या तेव्हा त्यांनी मान वर केली. घोडी सरळ ओट्यापाशी आली आणि तिने तोंड मेथीच्या सुपात घातलं. मनकर्णाबाईंनी सूप काढून घेतलं नाही. आधी घोडीचे कान, मग गाल, मग गुडघे हाताने चाचपले आणि मगच मुलाकडे पाहिलं.

"पडेगावच्या मळ्यातनं लवकर आली रे."

त्रिंबकने पुढे होऊन सगळं जसं घडलं तसं सांगितलं, विसारासकट. आपण कागद न बघता विसार दिला, चूक आपलीही आहे, असंही तो म्हणाला. मनकर्णाबाईंनी ऐकून घेतलं.

"आई, डॉक्टर म्हणाले तीन महिने पायावर जोर नको," इंद्रजीत म्हणाला. "तू ऐकणार होतीस का?"

"इचारलं असतंस तर कळलं असतं."

मग त्यांनी त्याला आत जाऊन पत्र्याची पेटी आणायला सांगितलं. त्याने घरातली कपाटं, गादीखालचे कागद, बँकेच्या पिशव्या सगळं धुंडाळलं होतं. वडिलांची पेटी तेवढी उघडली नव्हती. पेटीत इंद्रजीतचे वडील सखाराम वरातीत बांधायचे तो गुलाबी फेटा होता आणि फेट्याच्या घडीत, प्लास्टिकच्या पाकिटात, दाखला. दवाखान्याचा शिक्का, कोपऱ्यात घोडीचा फोटो. फोटो काहीच कामाचा नव्हता. पांढरी घोडी भिंतीपुढे उभी, तशी कुठलीही पांढरी घोडी दिसते. ओळख खाली लिहिलेली होती.

"वाच," मनकर्णाबाई म्हणाल्या.

इंद्रजीत वाचू लागला. डाव्या कानाचं टोक कापलेलं. आक्काबाईने डावा कान धरून दाखवला. कपाळावर एक भोवरा, मानेच्या डाव्या बाजूला दोन, एकाखाली एक. तिने केस बाजूला सारले, दोन होते. उजव्या गुडघ्यावर जुना व्रण, बोटभर. दोन्ही नाकपुड्यांमध्ये गुलाबी कातडी, तिच्यावर तांदळाएवढा काळा ठिपका. तो ठिपका पाहायला इंद्रजीतला स्वतःला घोडीच्या तोंडाशी वाकावं लागलं. घोडीने त्याच्या शर्टाच्या खिशाला मेथीचा हिरवा रस लावला. त्रिंबक हसला, मग मनकर्णाबाईही हसल्या.

शेवटची ओळ मालकाच्या नावाची होती. इंद्रजीत तिथे थांबला.

"मनकर्णाबाई सखाराम दाभाडे," त्याने वाचलं.

घोडी सहा वर्षांपूर्वी महिला बचत गटाच्या कर्जातून घेतलेली होती. कर्ज बायकांना मिळतं, म्हणून कागदही बाईच्या नावावर. सखाराम लोकांत तिला माझी घोडी म्हणायचे आणि मनकर्णाबाईंनी कधी दुरुस्ती केली नव्हती. जयंतीच्या मिरवणुकीत तेच फेटा बांधून पुढे चालत. त्या बायकांमध्ये मागून. हे सगळं त्यांनी दोन-तीन वाक्यांत सांगितलं.

बाँडला आता काही किंमत नव्हती, हे त्रिंबकच्या लक्षात आलं. घोडी विकण्याचा हक्क पोराला नव्हताच. तो कागद घेऊन तो नाक्यावर गेला असता, तर घोडी तिथेच अडकली असती आणि शेतंही गेली असती. त्याने बाँड खिशातून काढून ओट्यावर ठेवला आणि विचारलं, "मग आता कसं करता, ताई?"

मनकर्णाबाईंनी मान वळवली. त्या आक्काबाईशी बोलू लागल्या. कुठवर नेणार? ओझं किती? दिवसाचं चालणं किती? आक्काबाईने नेमकं सांगितलं: खानदेशात तापीपर्यंत, पाल आणि भांडी, कधी दोन-तीन कोकरं, दिवसाला चार-पाच कोस. चढावर ओझं कमी करतो. उन्हाळ्यात परत. पाठीवर जखम झाली तर त्या दिवशी ओझं मीच घेते, असंही ती म्हणाली.

"एकटी राहायची सवय न्हाय तिला," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"एकशे ऐंशी हायेत सोबतीला."

मनकर्णाबाईंनी प्लास्टरच्या पायाकडे पाहिलं. वरातीच्या घोडीला सवय माणसांची असते, त्या म्हणाल्या. दोन वर्षं ती त्या शेडमध्ये दिवसभर एकटी उभी होती आणि त्या तासभर तिच्यापाशी बसून घरी येत होत्या. पाय मोडल्यापासून तर तेही नाही. इंद्रजीतचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण ते त्याने सांगायला हवं होतं. हे त्या त्याच्याकडे न बघता बोलल्या.

"देते," त्या शेवटी म्हणाल्या. "पण कागुद ह्या बाईच्या नावावर करा. म्होरं ती असती ना?"

त्रिंबकच्या घराण्यात आजवर एकाही जनावराचा कागद बाईच्या नावावर नव्हता. कागदच फारसे नव्हते, हा भाग वेगळा. त्याने उपरणं खांद्यावरून काढलं, झटकलं आणि परत टाकलं. "करा," तो म्हणाला.

भाव तोच राहिला. उरलेले पैसे दवाखान्यातून नाव बदलून झाल्यावर मनकर्णाबाईंच्या हातात द्यायचे ठरले. शुक्रवारी दवाखान्यात त्यांचा सही केलेला अर्ज घेऊन इंद्रजीतच गेला. दुकान बंद ठेवून तो दुपारपर्यंत रांगेत उभा राहिला. डॉक्टरांनी आक्काबाईने आणलेली घोडी तपासली, खुणा पुन्हा जुळवल्या आणि दाखल्यावर नवं नाव घातलं: आक्काबाई त्रिंबक कोळेकर.

गुरुवारी मात्र एक काम तिथेच झालं. आक्काबाईने पिशवीतून तागाचं दावं काढलं आणि मनकर्णाबाईंच्या मांडीवर ठेवलं. मनकर्णाबाईंनी खुर्चीतूनच घोडीची मान खाली ओढली, जुनं दावं सोडलं आणि नवं बांधलं. गाठ घट्ट बसायला दोनदा बांधावी लागली.

"आमी बरकत-बिरकत मानत न्हाय," त्या म्हणाल्या. जुन्या दाव्याची गुंडाळी करून त्यांनी ती पेटीत, फेट्याशेजारी ठेवली. "पण वळलंय मी."

मग निघताना त्यांनी आक्काबाईला हाक मारली. वाटेत फाटकापाशी थांबते का, विचारलं. थांबते, आक्काबाई म्हणाली. ओढू नको, त्या म्हणाल्या. नवरदेव उतरून आत गेला, अक्षता पडल्या, की सखाराम तिच्या मानेवर थाप मारून दोन शब्द बोलायचे, मगच ती फाटक सोडायची. ते शब्द त्यांनी आक्काबाईच्या कानाशी वाकून सांगितले. इंद्रजीतलाही ऐकू आले.

सोमवारी कळप वेळेवर निघाला. नवव्या दिवशी घाट उतरून फर्दापूर मागे पडलं. नाक्यावर आक्काबाई सकाळी साडेदहाला पोचली, एकटी. मेंढरं कोसभर मागे होती. चांदणी आता पांढरी राहिली नव्हती. घाटाच्या धुळीने ती मेंढरांच्या रंगाची झाली होती. पाठीवर पाल, दोन्ही बाजूंच्या झोळ्यांत एकेक कोकरू.

शिपायाने हात केला आणि मालक कुठे आहे, असं विचारलं.

"मीच," आक्काबाई म्हणाली आणि पाकिटातला दाखला काढून दिला.

त्याने नाव वाचलं, तिचं आधारकार्ड मागितलं, दोन्ही शेजारी धरून पाहिली. मग कान पाहिला, गुडघा पाहिला. भोवरे कुठे असतात हे त्याला ठाऊक नव्हतं, ते तिने दाखवले. काळ्या ठिपक्याशी तो वाकला तेव्हा घोडीने त्याच्या खाकी बाहीचा वास घेतला. दाखला परत देऊन त्याने जा म्हणून मान हलवली. एकूण सहा-सात मिनिटं लागली असतील.

नाक्याला लागूनच एका हॉटेलचं लॉन होतं. दुपारच्या लग्नासाठी फाटकावर झेंडूच्या माळा चढवत होते. चांदणी तिथवर गेली आणि थांबली. मान उंच, पुढचा पाय उचललेला. झोळीतली कोकरं ओरडायला लागली. मागून एक ट्रक हॉर्न देत होता आणि शिपाई पुन्हा खुर्चीतून उठला, आता काय झालं म्हणून.

आक्काबाईने दावं ओढलं नाही. मानेवर थाप मारली आणि म्हणाली, "चल गं. लगीन लागलं."

घोडी चालू लागली.